चौथीचा वर्ग

पेढ्यांचा पुडा इंग्रजी शाळेच्या हेडमास्तरांपुढं ठेवून नागप्पानं हात जोडले. एरवी भवानी पेठेतल्या आपल्या लुगड्यांच्या दुकानात तो नुसत्या बंडीवर बसायचा, आज मात्र डोक्याला जरीकाठी रुमाल बांधून आला होता. मागं त्याची लेक गुरम्मा. आणि तिच्या शेजारी मराठी कन्याशाळेचे महादेवप्पा मास्तर, जणू लेक त्यांचीच.

"पोरगी मराठी सातवी झाली, साहेब. फायनल! जिल्ह्यातल्या पोरींत पयली," नागप्पा म्हणाला. "आता हितनं मॅट्रिकला बसवा. मग पुण्याला कॉलेजात घालतो आनि मग डॉक्टरीन. आमचं ठरलंय समदं."

हेडमास्तरांनी पुड्याला हात लावला नाही.

"इंग्रजी किती झालंय हिचं?"

"इंग्रजी?" नागप्पानं महादेवप्पा मास्तरांकडं बघितलं. "ते तुमी शिकवनार की."

"अहो, मॅट्रिक झाल्याशिवाय युनिव्हर्सिटी कुणाला दारात उभं करत नाही. आणि मॅट्रिकला जायचं तर मराठी चौथी झाली की शाळा सोडायची, इथं इंग्रजी पहिलीत यायचं. पुढं इंग्रजीच्या सात इयत्ता. मराठी सातवी केली ती माणसं तलाठी होतात, मराठी शाळेत मास्तर होतात. त्या वाटेवर कॉलेज नाहीच."

"पर ही तर तीन वर्षं जास्तीची शिकली की वो!"

"ती आम्ही धरत नाही. पहिलीत बसावं लागेल."

आता काय म्हणावं! चौथी पास पोराला दार उघडं, आणि सातवीत पहिली आलेलीनं त्याच्याच बाकावर जाऊन बसायचं. मुंबईत बसून कुणा शहाण्यांनी ही वाट आखली असेल ती असो, भवानी पेठेत येऊन ती कुणी सांगितली नव्हती. नागप्पाला आपलं साधं वाटलं, चारापेक्षा सात मोठे.

शेजारच्या वर्गात दहा-अकरा वर्षांची पोरं एका सुरात कॅट, रॅट, मॅट ओरडत होती. पंधरा वर्षांच्या गुरम्मानं तिकडं एकदा बघितलं.

"बसते मी पहिलीत," ती म्हणाली.

"बसंल, साहेब! लई हुशार हाय!"

"बसेल हो. पहिल्या चार इयत्ता दोन वर्षांत केल्या तरी विशीला मॅट्रिक होईल. मग कॉलेजची दोन वर्षं, इंटरपर्यंत. डॉक्टरकी त्याच्या पुढं, ती पाच वर्षं."

नागप्पा बोटं मोजायला लागला आणि मध्येच थांबला. चौदाच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही असा सरकारनं कायदा केला होता खरा, पण विशीची बिनलग्नाची लेक घरात ठेवली असती तर त्याच्या दुकानाची पायरी कुणी चढलं नसतं. त्याचा रुमाल कपाळावर सरकला. तो त्यानं तसाच राहू दिला.

"हिची आई बाळंतपनात गेली, साहेब," तो हळूच म्हणाला. "डॉक्टर दारात हुबा व्हता. बाप्या मानूस म्हनून आमच्या म्हातारीनं आत सोडला न्हाय. तवापासनं ही म्हनतीया, मी डॉक्टरीन हुनार."

हेडमास्तरांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटून नियम कुठं बदलतो?

"चौथी झाली तेव्हाच आणायची होती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मी विचारलं होतं," गुरम्मा म्हणाली. "चौथी झाल्यावर. गल्लीतली मुलं इंग्रजी शाळेत निघाली तेव्हा मास्तरांना विचारलं, मी पण जाऊ का? मास्तर म्हणाले, आधी सातवी कर, पाया पक्का होऊ दे."

सगळे महादेवप्पा मास्तरांकडं बघायला लागले.

"म्हणालो असेन," मास्तर म्हणाले. "अहो, वरच्या वर्गांत मुली राहतात किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या! ही गेली असती तर इन्स्पेक्टरसाहेबांनी सातवीचा वर्गच मोडला असता. शाळेचं नाव राहायला नको? माझ्या मनात काही पाप नव्हतं, नागप्पा."

पाप नव्हतं म्हणे! पोरीच्या जन्माची माती केली, आणि वर शाळेचं नाव!

"अय्यो मास्तर," नागप्पा म्हणाला, "मला तरी सांगायचं व्हतं की वो. मी अडानी मानूस. मला काय ठावं?"

"अहो, पण वाया काही गेलेलं नाही!" मास्तरांना एकदम हुरूप आला. "फायनल झालेल्यांना नोकरी असते. आमच्याच शाळेत एक जागा रिकामी आहे, मी शब्द टाकतो. लग्न झालं तरी हरकत नाही. गुरम्माबाई मास्तरीण! काय, आहे की नाही?"

आणि विषय मिटला म्हणून त्यांनी स्वतःच पुड्याची दोरी सोडली, एक पेढा उचलला.

नागप्पानं लेकीकडं बघितलं. ती अजून शेजारच्या वर्गाकडंच बघत होती. पोरांचं ओरडणं थांबलं होतं.

"होते मी मास्तरीण," ती म्हणाली.

"बघा! शहाणी पोर!"

"पण सातवी नको, मास्तर. मला चौथीचा वर्ग द्या."

पेढा तोंडापाशी नेलेला मास्तरांचा हात तिथंच राहिला.