एक नंबर, एक पेशंट

हॉस्पिटलची पेशंटच्या नोंदींची नवी कॉम्प्युटर सिस्टिम त्यानेच बनवली होती. "माहितीच्या एका तक्त्याला दुसरा तक्ता जोडायचं नात्यागोत्याचं लफडं हवंय कशाला? मोबाइल नंबर टाका, पेशंट हजर! त्याच नंबरावर नवी नोंद आली की जुनी आपोआप पुसली जाते," असं तो कौतुकाने सांगे.

आज आई ऑपरेशनला आत गेली. तिच्याकडे मोबाइल नाही, म्हणून तिची नोंद त्याने गेल्याच आठवड्यात, ॲलर्जीसकट, स्वतःच्याच नंबरावर केली होती. तरी त्याला राहवेना.

"सिस्टर, आईला पेनिसिलिन चालत नाही हं! मागे जिवावर बेतलं होतं."

"असं कसं, दादा? तुमच्याच सिस्टिममध्ये बघून आत्ताच तर दिलं. ॲलर्जी कसलीच नाही. कालच आपल्याकडे दाढ काढली, तेसुद्धा आहे की त्यात."



त्याचा हात स्वतःच्या सुजलेल्या गालावर गेला.