जप्त केलेलं पिंप

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पाणी खात्याच्या निरीक्षकांनी इस्त्रीवाल्या मावशींच्या अंगणातलं पिंप जप्त केलं. घरी पावसाचं पाणी साठवायला परवाना लागतो आणि तो मावशींकडे नव्हता. नळाच्या क्षाराने वाफेची इस्त्री चोंदते, गिऱ्हाइकांच्या शर्टांवर पांढरे डाग पडतात, म्हणून त्या पन्हाळीखाली पिंप ठेवत. पिंप गेलं तर धंदा बसणार होता.

"मावशी, परवाना काढायला काय झालं होतं?"

"अहो साहेब, बरसायच्या आधी ढगाने तरी कुठे काढला?"

साहेबांना हसू आलं, पण पंचनामा त्यांनी चोख लिहिला: पिंप एक, पाणी निम्मं. जप्त केलेली वस्तू जागची हलवायची नाही, असा खात्याचा नियम. त्यामुळे पिंप पन्हाळीखालीच राहिलं. साहेबांनी त्यावर 'खात्याच्या ताब्यात' अशी चिठ्ठी डकवली आणि बजावलं, "निकाल लागेपर्यंत याला बोटसुद्धा लावायचं नाही."

"नाही लावत. तुमचं पिंप, तुम्हीच सांभाळा."

दुपारी धो धो पाऊस झाला. मावशी दारात उभ्या राहून पिंप काठोकाठ भरताना बघत होत्या. त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.



दुसऱ्या दिवशी खात्याकडे त्यांची लेखी तक्रार आली: 'आपलं खातं माझ्या अंगणात विनापरवाना पावसाचं पाणी साठवत आहे.' तक्रार दाखल झाली असून तपास त्याच साहेबांकडे दिला आहे.