तीनच्या आत

"ताई, अजून एकदा," दिग्दर्शक म्हणाला. "या वेळी घाबरल्यासारखं नको. निवडून आल्यासारखं चाला."

"अर्ज तर भरू दे आधी," ताई म्हणाली, आणि छातीवरच्या माइकची आठवण होऊन लगेच हसली.

निवडणूक कचेरीच्या व्हरांड्यातली ही पाचवी तालीम. एका टोकाला बाकडं, दुसऱ्या टोकाला खिडकी, खिडकीखाली कुलूपबंद पेटी. उमेदवारीचं पाकीट तीनच्या आत पेटीत पडलं पाहिजे. तीनला कारकून फटीवर लाख लावणार. मग प्रत्यक्ष देव आला तरी आत काही जायचं नाही आणि बाहेर काही यायचं नाही. आज शेवटचा दिवस, आणि दोन वाजून वीस मिनिटं होऊन गेलेली.

ताईचा धाकटा भाऊ बॅग मांडीवर घेऊन बाकड्यावर बसला होता. हा तिचा प्रचारप्रमुख. घरात मात्र त्याला गहाळराव म्हणत. ताईच्या परीक्षेला तिचं प्रवेशपत्र घरी विसरणारा हाच, आणि भाच्याला शाळेतून आणायला जाऊन नुसती भाजी घेऊन परतणाराही हाच. काल जेवताना दाजी स्पष्टच म्हणाले होते, "अर्जाचं काम वकिलाकडे दे. ह्याच्या हातात नको." ताई म्हणाली, "माझा भाऊ आहे. तोच करेल." वीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्यावर तिला हे तिकीट मिळालं होतं, आणि ते तिने त्याच्या हातात दिलं होतं. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

त्यात हा माहितीपट. प्रत्येक उमेदवाराचा काढायचा आणि सगळं खरंखुरं हवं, असा पक्षाचा वरून आदेश होता. म्हणून दिग्दर्शक प्रत्येक खरी गोष्ट पाच-पाच वेळा करून घेत होता. काल ताईने एका म्हातारीला उत्स्फूर्तपणे मिठी मारली, तीही चारदा. चौथ्यांदा म्हातारी म्हणाली, "बाई, मत देते, पण सोड मला."

आज पहिल्याच तालमीत ताईने पाकीट इतकं घट्ट धरलं की कोपरा दुमडला. "फाटलं तर बाद होईल हं," कारकून खिडकीतून म्हणाला. भाऊ धावत जाऊन समोरच्या दुकानातून तसंच खाकी पाकीट घेऊन आला. त्यात ताईची प्रचारपत्रकं कोंबली, "काम चोख, माणूस चोख" छापलेली. तोंड चिकटवून वर तेच नाव लिहिलं, आणि कोपरासुद्धा तसाच दुमडला. तालमीला हे, आणि खरं आपल्या बॅगेत. ताईला त्याने दोन्ही पाकिटं गुपचूप दाखवली. तिने डोळ्यांनीच बरं म्हटलं.

डोळ्यांनी, कारण तोंड उघडायची सोय नव्हती. दोघांच्याही छातीवर माइक होते आणि मुलाखती संपेपर्यंत ते काढायचे नाहीत असा दिग्दर्शकाचा दंडक. नकली पाकिटाबद्दल एक शब्द जरी टिपला गेला, तर विरोधकांच्या हाती आयतं कोलीत.

दोन पस्तीसला दिग्दर्शक म्हणाला, "आता सलग घेऊ, थेट पेटीपर्यंत." ताईला पावडर लावायला आत नेलं. तिची पर्स बाकड्यावरच राहिली. भावाने इकडेतिकडे पाहिलं, पर्समधलं पत्रकांचं पाकीट काढून आपल्या बॅगेत टाकलं आणि खरं पाकीट पर्समध्ये ठेवलं. मग पुन्हा पर्स उघडून बघितलं. मग आणखी एकदा. या वेळी काही म्हणता काही विसरलं नव्हतं.

ताई परत आली. त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"सगळं ठीक ना रे?"

"ठीक आहे, ताई."

"सगळं?"

"सगळं."

तेवढ्यात दिग्दर्शकाने हाक मारली, "प्रचारप्रमुख, आतल्या खोलीत या. दोन मिनिटांची मुलाखत."

तो बॅग घेऊन उठला. "बॅग राहू दे," ताई म्हणाली. "मी बसलेय इथे." आता बॅगेत राहिलंय काय, असं मनात म्हणत त्याने ती ठेवली.

आत दिवे डोळ्यांवर होते. "तुमच्याकडून कधी चूक होते का?" दिग्दर्शकाने विचारलं.

"व्हायची," तो म्हणाला. स्वतःचंच उत्तर त्याला फार आवडलं.

दोन बावन्नला ताई निघाली. पर्समधून पाकीट काढलं, व्हरांडा ओलांडला आणि पेटीत टाकलं. कारकुनाने पोच दिली. तरी भावाचा जीव टांगणीलाच होता. तीनचे ठोके पडले, फटीवर लाख ओतली गेली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

दाजींचा फोन आला. "टाकलं?"

"टाकलं, दाजी. वेळेत."

मग दाजी म्हणाले, "शाबास." पंधरा वर्षांत पहिल्यांदा. त्याला रडूच यायला लागलं.

ताईची मुलाखत उरकली, माइक निघाले, मंडळी तारा गुंडाळायला लागली. आता ताईला सांगावं, तुझ्या नकळत किती चोख काम केलं ते. तो तिच्याजवळ गेला. पण तिनेच त्याचा हात हातात घेतला.

"आधी माझं ऐक," ती हळूच म्हणाली. "घरी कुणाला कळणार नाही, दाजींनाही नाही. तू पाकीट बदलायला विसरणार हे मला ठाऊकच होतं रे. म्हणून तू मुलाखतीला गेलास ना, तेव्हा मीच तुझ्या बॅगेतलं पाकीट माझ्या पर्समध्ये घेतलं, आणि पर्समधलं तुझ्या बॅगेत टाकलं."