पुढची जीप

“बसा. पण दाराजवळच्या बाकावर,” गिरजाबाई म्हणाल्या.

वडखळच्या नाक्यावर गाडीचे मागचे चाक बसले होते. चहाच्या टपरीवरून उठून आलेल्या एका माणसाने कोणी न सांगता जॅक लावला, विठू ड्रायव्हरला चाक बदलून दिले आणि मग तो रोह्याजवळच्या धाटावला सोडा म्हणाला; तिथल्या कंपनीत शिफ्ट होती. उपकार घेऊन नाही म्हणणे गिरजाबाईंच्या रीतीत बसत नव्हते. त्यांच्या रीतीत खोटे बोलणेही बसत नव्हते, आणि हे पेणपासून रोह्यापर्यंत सर्वांना ठाऊक होते.

माणसाने आपले नाव पोपट सांगितले. तो गाडीभर नजर फिरवीत होता. मॅटाडोरच्या पोटात एक लहानसे घरच मांडलेले होते: शेगडी, पाण्याची टाकी, समोरासमोर दोन बाक, आणि मागे प्लायवूडची भिंत. त्या भिंतीतले दार बंद होते.

“आजी, तुमचं तं घरच चाललंय रस्त्यानं. त्या दारामागं काय हाय?”

“देवी आहे. तिकडे चपला घालून कोणी जात नाही.”

देवीचा चांदीचा मुखवटा पेणच्या सोनाराकडे उजळायला दिला होता. उद्या रोह्याजवळच्या त्यांच्या गावात तो पालखीत बसायचा होता. तो नेण्या-आणण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या गिरजाबाईंच्या घराण्याकडे होता. मुखवटा पोहोचला नाही, तर पालखी रिकामी निघेल आणि त्यांच्या घराला गावात पुन्हा मान वर करता येणार नाही.

गाडी सुटली. गिरजाबाईंनी खिडकीतून मागे पाहिले. टपरीवर पोपटच्या शेजारी बसलेले दोघे आता मोटारसायकलवर होते. विठूने वेग कमी केला की तेही कमी करीत. पोपटच्या हातात डबा नव्हता.

“कोणत्या कंपनीत आहात?”

“ती... मोठी हाय ना, ती.”

“धाटावला सगळ्याच मोठ्या आहेत.”

गिरजाबाईंनी फळीवरचा बिनतारी संच उचलला आणि बटण दाबले.

“ऐकताय का? आपल्या गाडीत एक पाहुणे बसले आहेत. पोपट नाव सांगतात. मागे मोटारसायकलवर त्यांच्या ओळखीचे दोघे येत आहेत.”

पोपटचे हसू ओठांवरच राहिले.

संचातून कर्कश शिट्टी निघाली. गिरजाबाईंनी आवाजाचे बटण फिरवून तो कमी केला. क्षणभर नुसती खरखर. मग एक भारदस्त पुरुषी स्वर उमटला.

“ऐकतो आहे. जीप दोन वळणे पुढे आहे. रस्ता मोकळा आहे. विठू, अंतर वाढू देऊ नकोस.”

“जी साहेब,” विठू स्वतःशीच पुटपुटला.

“कोण हो हे?” पोपटने विचारले.

पतीचे नाव गिरजाबाईंनी उभ्या जन्मात घेतले नव्हते. उत्तर विठूने दिले. “हैबतराव. आमचे साहेब. फौजदार व्हते. रिटायर झाले, पण पेणच्या बाजारात त्यांना बघून पोरं अजून सायकलवरून उतरतात.”

“आनि घरच्या मानसांशी पन वॉकी-टॉकीवर बोलतात?”

“दोन गाड्या असल्या की पुढचीने मागचीला रस्ता सांगायचा,” गिरजाबाई म्हणाल्या. “त्यासाठीच हे दोन संच घेतले.”

पोपट पुढच्या काचेतून वाकून पाहू लागला. वळण आले, गेले. जीप दिसली नाही. दुसरे वळणही गेले.

नागोठणे मागे पडले आणि रोह्याकडचा रस्ता खिंडीत शिरला. दोन्ही बाजूंना झाडी दाट झाली. समोरून एकही वाहन येत नव्हते.

“थांबव रे जरा,” पोपट म्हणाला. “पोटात कळ आली.”

विठूने आरशात गिरजाबाईंकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली. गाडी कडेला लागली. मागच्या वळणावर मोटारसायकलही थांबली.

“विठू, इंजिन बंद करायचे नाही.”

डिझेलचे इंजिन घरघरत राहिले. पोपट खाली उतरला नाही. तो उठला, त्याने सावकाश चपला काढल्या आणि बंद दाराच्या कडीवर हात ठेवला. दुसरा हात सदऱ्याखाली, कमरेशी गेला होता.

“चपला काढल्या बघा, आजी. आता दर्शन घ्यायला काय हरकत?”

गिरजाबाई जागच्या हलल्या नाहीत. संच त्यांच्या मांडीवर होता. बटणाला त्यांचे बोट लागलेले नव्हते. कडी वाजली.

तेवढ्यात पुन्हा ती कर्कश शिट्टी आली आणि तिच्यामागून तो स्वर.

“विठू, का थांबलास? आम्ही खिंडीच्या माथ्यावर उभे आहोत. माझ्याबरोबर चौघे आहेत. खाली पाठवू का?”

पोपटचा हात कडीवर तसाच राहिला.

“तुम्हीच सांगा,” गिरजाबाईंनी संच उचलून त्याच्यासमोर धरला. “पाठवू देत का?”

पोपटने संचाकडे पाहिले, मग पुढच्या चढाकडे. कमरेशी गेलेला हात रिकामाच बाहेर आला. त्याने वाकून चपला घातल्या.

“नको. कळ गेली. मी हितनं चालत जातो.”

“आणि शिफ्ट?”

“बुडाली,” पोपट म्हणाला आणि उतरला.

मोटारसायकल तिघांना घेऊन आल्या वाटेने वळली. विठूने गाडी चढावर घातली. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. माथा आला, मागे पडला, उतार लागला.

रोह्याच्या वेशीवर, माणसांच्या वर्दळीत, गिरजाबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि इंजिन बंद करण्याची परवानगी दिली. एकदम शांतता पसरली. त्यांनी चपला काढल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मागचे दार उघडले.

आत, उशाशी चांदीचा मुखवटा, मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेलेला पाय आणि छातीवर दुसरा संच घेऊन हैबतराव पडले होते.

“जीप पेणच्या गॅरेजात उघडून पडली आहे,” गिरजाबाई म्हणाल्या, “आणि तुम्ही प्रत्यक्ष देवीच्या पायाशी झोपून इतके खोटे बोललात.”