लाल दिव्यांची टोपी

धाकट्या सुनेला जुळं झालं, त्याच वर्षी माझ्या थोरल्याने टकलावर केस लावून घेतले. ते नीट रुजावेत म्हणून डॉक्टरांनी वर आणखी एक उपचार गळ्यात मारला. आतून लाल दिवे लागणारी टोपी, एक दिवसाआड पंधरा मिनिटं घालायची.

सहा महिन्यांनी ती टोपी घेऊन तपासणीला आम्ही तिघं गेलो. आता धाकट्यालाही केस हवे होते, आणि सोबत ती टोपीही. सूनबाईचं म्हणणं होतं, टोपीच्या पैशात जुळ्यांची बाबागाडी येते. दवाखान्याचा जिना मी, गुडघेदुखीचा जुना रोगी, दोघांच्याही आधी चढलो.

थोरल्याच्या डोक्यावर रान माजलं होतं. डॉक्टरांनी टोपीवरचा वापराचा आकडा वाचला आणि खुर्चीतून उठलेच.

"नव्वद वेळा वापरली! म्हणून तर एवढं दाट उगवलं. धाकटे, तुम्हीही घेऊनच टाका."

थोरला माझ्या कानाशी लागला. "बाबा, मी दोनदाच घातली हो. खाज सुटायची. बायकोला सांगू नका."

तोवर धाकट्याने पाकीट बाहेर काढलं होतं. बाबागाडी हातची जाताना दिसली आणि मला राहवेना. मी विजार गुडघ्यापर्यंत वर ओढली.

 

"डॉक्टर, उरलेल्या अठ्ठ्याऐंशी वेळा शेकायला म्हणून ती टोपी मी या गुडघ्यावर घातली, बघा बरं, एक तरी केस उगवलाय का?"