पाणी कुठून येतंय

सकाळी लोटू सुरतेजवळ मगदल्ल्याच्या काठावर पोचला तेव्हा बोट पुन्हा अर्धी भरली होती. खुंटीला बांधलेली, एका अंगावर कलंडलेली, आणि आत पाणी निवांत पसरलेलं.

त्यानं एक शिवी हासडली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डब्यानं पाणी उपसायला लागला. बायको भागीरथी दुसरा डबा घेऊन समोर बसली. म्हातारा बाप धुडकू काठावर उकिडवा बसून पाहत राहिला.

बोट अजून लोटूची नव्हतीच. कीकुभाई नावाच्या मच्छीमारानं ती गळते म्हणून टाकून दिली होती. गळती काढ आणि घेऊन जा, एवढंच तो म्हणाला होता. लोटूला तेवढं पुष्कळ झालं. डिंडोलीतल्या त्याच्या कारखान्यात नवे माग आले आणि जुन्या मागांबरोबर जुने कारागीरही भंगारात निघाले. नवागामपर्यंत सगळीकडे विचारून झालं. चाळिशी ओलांडलेल्या कारागिराला कुणी दारात उभं करीना. भागीरथी साड्यांना टिकल्या चिकटवायची, त्यावर कशीबशी चूल पेटत होती. शेवटी त्याला आपण जातीनं मासे धरणारे भोई असल्याचं आठवलं. गावाकडे खानदेशात वाहते तीच तापी इथेही होती.

त्याच तापीनं दगा नावाचा त्याचा थोरला भाऊ बुडवून नेला होता. तेव्हा धुडकूनं जाळी पेटवून दिली आणि धाकट्याला घेऊन सुरत गाठली. लोटू मागांच्या खडखडाटातच मोठा झाला. म्हणून बोटीचं नाव काढलं की म्हातारा घर डोक्यावर घेणार, अशी भागीरथीची खात्री होती. पण म्हातारा नुसते दोन घास कमी जेवला आणि दुसऱ्या सकाळी काठाकडे निघालेल्या रिक्षात आपणहून येऊन बसला.

"पानी कोठून येस, ते पहिले दखनं पडी," तो म्हणाला.

त्यानं बोट वर ओढायला लावली. खाली ओंडके दिले आणि कोरड्या बोटीत पाणी ओतलं. मग तिच्या पोटाखाली शिरून बाहेरून हात फिरवत राहिला. फळ्यांच्या सांध्यात जिथं थेंब फुटला तिथं खडूची खूण. बापाचं हे कसब लोटू पहिल्यांदाच पाहत होता. इतक्या वर्षांनी बाप आपल्या बाजूनं उभा राहिला, या विचारानं त्याला भरून आलं.

सांध्यात ठासायला दोरा हवा. सुरतेत दोऱ्याला काय तोटा? लोटूनं ओळखीच्या कारखान्यातून टाकाऊ दोऱ्याचं पोतंच भरून आणलं. पांढरा, चकचकीत दोरा. धुडकूनं तो चिमटीत धरून चोळला, ओढून पाहिला.

"हाऊ चांगला शे. तुटाव नही."

"बाबा, मनं जुनं सुती लुगडं फाडीसन देऊ का?" भागीरथीनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे माय. तुनं लुगडं कशाले फाडस?"

सासऱ्याला आपल्या लुगड्याची एवढी काळजी, म्हणून तिला बरं वाटलं.

धुडकूनं स्वतःच्या हातानं दोरा ठासला. हातोडीचा एकही घाव चुकत नव्हता. वरून तेलात उकळलेली राळ चोपडली. मग बोट पाण्यात ढकलली आणि त्यानं बजावलं, "आज काठलेच बांधी ठेव. उतावळा व्हऊ नको."

दुसऱ्या दिवशी बोट भरलेली. पुन्हा ओंडके, पुन्हा खडू, पुन्हा दोरा. खुणा प्रत्येक वेळी त्याच सांध्यांवर पडायच्या. लोटूनं आणखी दाबून ठासायला सांगितलं. म्हाताऱ्यानं आणखी दाबून ठासलं. बोट पुन्हा भरली. लोटूची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली.

आज पाणी उपसून होतंय तोच कीकुभाई एका लाकूडतोड्याला घेऊन आला. त्यानं बोटीत वाकून पाहिलं.

"सांज सुधी चाले तो तारी. नी तो लाकडां."

संध्याकाळपर्यंत चालली तर लोटूची, नाहीतर सरपण. कीकुभाई वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त जागा मोकळी हवी होती.

तो वळला तसं लोटूनं उसनं आणलेलं जाळं उचलून बोटीत टाकलं. दोर सोडायला लागला.

भागीरथीचा चेहरा उतरला. "गळी राहिनी ना ती."

"पानी काढत काढत जासू."

"एकला? जाळं टाकशी का पानी काढशी?"

"घर बठीसन मरानापेक्षा पानीमा मरेल बरं," लोटू म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "आते माले आडवू नको."

त्यानं बांबू रेटला. बोट काठापासून सुटली. ओहोटी लागली होती, पात्राच्या मधोमध पाणी समुद्राकडे जोरात धावत होतं. बोटीच्या तळाशी ओल चढायला लागलेली काठावरूनही दिसत होती.

धुडकू उठला. धोतरासकट पाण्यात शिरला. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. पोहत्या माणसासारखा हात टाकून त्यानं बोटीची कड पकडली.

"लोटू, नको जाऊ."

"सोडा बाबा."

"दगाबी असाच गया व्हता."

"सोडा म्हनस ना." लोटू वाकला आणि बापाची बोटं एकेक करून सोडवायला लागला. म्हातारी बोटं ती, किती टिकणार? शेवटचं बोट सुटलं. धुडकूच्या तोंडात खारं पाणी गेलं. त्यानं पुन्हा झेप घेऊन दोन्ही हातांनी मुलाचं मनगट धरलं आणि धाप लागलेल्या आवाजात म्हणाला,

"मागे फिर. सांधामा कापूसनं सूत लागस. हाऊ पॉलिस्टरना दोरा पानी पेत नही, फुगत नही. पहिला दिनलेच मालूम व्हतं माले."