पॅकबंद कॅसेट

"खालची ओळ वाचा," चष्मेवाला म्हणाला, आणि गिऱ्हाइकानं ती वाचेपर्यंत त्यानं मोबाइल पुन्हा एकदा पाहून घेतला.

जुन्या व्हिडिओ गेमच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर सकाळपासून रडारड चालली होती. कुठल्याशा बंद गोदामात एक भलंमोठं खोकं सापडलं होतं. आत एकाच गेमच्या दोनशे कॅसेटी, सगळ्या पॅकबंद. जगात अशा चौदाच उरल्यात म्हणून लोकांनी ती कॅसेट दागिने मोडून घेतली होती. संध्याकाळपर्यंत तिचा भाव चष्म्याच्या बऱ्यापैकी फ्रेमइतका झाला होता.

"क, फ, ळ," गिऱ्हाईक म्हणालं.

"वा," चष्मेवाला म्हणाला. तक्त्यावर भलतंच काहीतरी होतं. पण त्याला आज कोणाशीच वाद घालायचा नव्हता.

याचं कारण त्याच्या उजव्या दाढेत होतं.

सासऱ्यांचं खेळण्यांचं दुकान होतं. ते बंद करताना त्यांनी दर्शनी काचेतला याच गेमचा एक पॅकबंद खोका काढून नव्या जावयाच्या हातात ठेवला होता. "वीस वर्षं इथे उन्हात उभा होता बिचारा. दुकानाची आठवण म्हणून ठेवा. फोडू नका आणि विकू नका." चष्मेवाल्यानं शब्द दिला. मग दोन वर्षांनी दाढ दुखायला लागली, आणि दाताचा डॉक्टर निघाला जुन्या गेमचा वेडा. त्यानं खोका हातात घेतला, नाकाशी धरला, डोळे मिटले. "अहाहा. त्या काळच्या छपाईचा वास. आता अशी शाईच मिळत नाही." दाढेवर टोपी बसली, खोका डॉक्टरकडे गेला, आणि व्यवहार दोन्ही बाजूंनी फुकटात पटला.

पुढे भाव चढायला लागला. चष्मेवाल्याची दाढ आधी स्कूटरच्या किमतीची झाली, मग गाडीच्या. गेल्या वर्षी तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. भाव वाढल्याचं कळलं की त्याची जीभ आपोआप तिकडे जायची. त्या बाजूनं तो सुपारी सोडाच, बिस्किटसुद्धा चावेना.

बायकोला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, खोका कपाटात वरच्या कप्प्यात आहे. वरच्या कप्प्यापर्यंत तिचा हात पोचत नव्हता, हीच काय ती देवाची कृपा.

आणि मागच्या शुक्रवारी ती म्हणाली होती, "अहो, बाबांचा फोन होता. पुढच्या रविवारी येतायत. ती कॅसेट बघायचीय म्हणे."

"कशाला?"

"पेपरात भाव वाचला. आवाज जरा कापरा वाटला हो त्यांचा."

त्यानंतर तीन दिवस चष्मेवाला ग्रुपवर तशीच दुसरी कॅसेट शोधत होता. सोमवारी गोदाम उघडलं.

त्यानं त्याच दिवशी एक कॅसेट मागवली. डॉक्टरकडेही चौकशी केली होती, पण तो ऐकेना. "पडू दे भाव. गोदामातल्या मालाला तो वास आहे का? माझा खोका मी माझ्या नातवाला देणार."

बुधवारी पार्सल आलं. खोका होता नवाकोरा, आणि सासऱ्यांचा एका बाजूनं उन्हानं विटलेला. पण उन्हात काळ्या होणाऱ्या काचा तपासायला चष्मेवाल्याकडे जांभळा दिवा होता. तीन दिवस त्यानं खोका त्याखाली ठेवला. शनिवारी रंग असा उतरला की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. खोका वरच्या कप्प्यात गेला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यानं उजव्या बाजूनं बिस्किट खाल्लं.

रविवारी सासरे आले ते चपला काढता काढताच म्हणाले, "आहे ना?"

"म्हणजे काय. बघा की."

सासऱ्यांनी चष्मा लावला, खोका फिरवून फिरवून पाहिला, विटक्या बाजूवरून हात फिरवला. मग खुर्ची ओढून बसले.

"विकली नाहीत तर."

"बाबा, तुमचा शब्द मोडेन का मी?" चष्मेवाला म्हणाला. जीभ दाढेपर्यंत जाऊन परत आली.

"सुटलो बाबा एकदाचा. पेपर वाचल्यापासून डोळ्याला डोळा नाही. म्हटलं, एवढा भाव, माणूसच आहे, मोह झाला तर?"

"मोह कसला, बाबा? आणि आता तर मातीमोल झालीय."

"तेच तर बरं झालं. कात्री आणा."

"कात्री?"

"फोडू या. आता लपवून ठेवण्यात काय अर्थ? तुम्हाला एक गंमत दाखवायचीय. इतकी वर्षं सांगेन सांगेन म्हणत राहूनच गेली."

चष्मेवाल्यानं आनंदानं कात्री आणून दिली. बायको हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "बाबा, पुढच्या खेपेला आपल्या कपाटालाही काहीतरी गंमत करा. पूर्वी कसा छान वास यायचा कपड्यांना, आता डांबरगोळ्या घालून घालून थकले."

सासऱ्यांना प्लास्टिक कापायच्या आधीच हसू आवरेना. त्यांनी झाकण उघडलं आणि खोका टेबलावर उपडा केला. काळी कुळकुळीत, करकरीत कॅसेट बाहेर पडली. चष्मेवाल्यानं समाधानानं मान डोलावली.

सासऱ्यांचं हसू थांबलं. त्यांनी कॅसेट बाजूला सारली. खोक्यात डोकावून पाहिलं. तळाला दोन टिचक्या मारल्या, आत नाक घालून वास घेतला. मग चष्म्याच्या वरून जावयाकडे पाहिलं.

"जावईबापू, यातली साबणाची वडी कुठे गेली?"